पोलिओशी भिडलेली आई

डॉक्टर व्हायचं राहून गेलं, पण देशातल्या हजारो मुलांना पुन्हा उभं करणारी जागा त्यांनी उभारली. पोलिओग्रस्त मुलांसाठी आयुष्य वेचलेल्या फातिमा इस्माईल (१९०३-१९८७) यांची ही ओळख.

तुम्ही आज विशीत असाल, तर लहानपणीचा पल्स पोलिओचा रविवार तुम्हाला आठवत असेल. आई किंवा आजी कडेवर घेऊन अंगणवाडीत जायची, निळ्या आइस बॉक्समधून एक छोटी बाटली निघायची, जिभेवर दोन थेंब पडायचे आणि डाव्या करंगळीच्या नखावर मार्करने काळी रेघ ओढली जायची. ती रेघ पुढचे दोन-तीन दिवस मिरवायची. झालं, आपल्या पिढीचा पोलिओशी संबंध एवढाच.

तुमच्या आई-बाबांच्या पिढीला विचारा. त्यांच्या वर्गात, वाड्यात, आळीत एक पाय बारीक असलेला, लोखंडी पट्ट्यांचा बूट घालणारा किंवा गुडघ्यावर हात दाबत चालणारा कुणीतरी हमखास असायचा. एका रात्रीत ताप आला आणि सकाळी पायातला जीव गेला, ही गोष्ट तेव्हा घरोघरी ऐकू यायची. आणि त्याच्याही आधीच्या पिढीत, १९४०च्या दशकात, अशा मुलांसाठी आपल्याकडे उपचारांची म्हणावी अशी सोयच नव्हती. डॉक्टर ताप उतरवायचे आणि हात टेकायचे. पुढे काय करायचं ते घरच्यांनी बघायचं.

ती सोय एका आईने उभी केली. तिचं नाव फातिमा इस्माईल.

सोबानींची लेक

फातिमाबाईंचा जन्म ४ फेब्रुवारी १९०३चा. माहेर मुंबईतल्या सोबानी घराण्याचं. वडील हाजी युसुफ सोबानी मोठे व्यापारी आणि गिरणीमालक. पण या घराला इतिहासात ओळख मिळाली ती फातिमाबाईंचे भाऊ उमर सोबानी यांच्यामुळे. होमरूल चळवळीपासून ते राजकारणात होते, पुढे गांधीजींच्या अगदी जवळच्या वर्तुळात आले. ३१ जुलै १९२१ला मुंबईत परळमध्ये परदेशी कापडाची जी मोठी होळी झाली, ती उमर सोबानींच्या गिरणीच्या आवारात. विचार करा, ज्याचा धंदाच कापसाचा आणि कापडाचा, त्याने स्वतःच्या अंगणात ही होळी पेटू दिली. इंग्रज सरकारच्या नजरेत हे घर खुपणारच होतं. पुढे कापसाच्या बाजारात सोबानींना जबरदस्त फटका बसला आणि घराची आर्थिक घडी पार विस्कटली. उमर १९२६मध्ये वारले.

फातिमाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं. मुंबईतल्या मुस्लिम व्यापारी घरातल्या मुलीने त्या काळात वैद्यकीय शिक्षणासाठी युरोप गाठणं ही साधी गोष्ट नव्हती. त्या गेल्याही. पण घरची स्थिती पालटली आणि ते शिक्षण अर्धवट राहिलं. पुढे लग्न झालं. पती मोहम्मद हाशम इस्माईल सरकारी नोकरीत होते, त्यामुळे संसार वेगवेगळ्या गावी फिरत राहिला. पण म्हणून त्या घरात बसून राहिल्या नाहीत. अखिल भारतीय महिला परिषदेचं काम त्यांनी हाती घेतलं. प्रौढ स्त्रियांना शिकवणं, हाताला काम मिळेल असं काही सुरू करणं हे चालूच होतं. नवरा सरकारी अधिकारी आणि बायको स्वातंत्र्य चळवळीतल्या मंडळींची मदतनीस, असा तो संसार होता.

म्हणजे पोलिओ त्यांच्या दारात आला, तेव्हा त्या नुसत्या हवालदिल आई नव्हत्या. संस्था कशी चालते, लोकांना कामाला कसं लावायचं, मोठ्या माणसांच्या दारात न बुजता कसं उभं राहायचं, हे सगळं त्यांना येत होतं. आणि अर्धवट का होईना, वैद्यकशास्त्राची ओळख होती.

साधा ताप, पण...

१९४०च्या दशकात त्यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला.

हा आजार नेमका काय करतो, हे समजून घेतल्याशिवाय फातिमाबाईंनी पुढे जे केलं त्याचं मोल कळणार नाही. त्यामुळे जरा थांबून ते बघू.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे शरीरात शिरतो. संसर्ग झालेल्या माणसाच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो आणि दूषित पाणी, हात, अन्न यांतून दुसऱ्याच्या पोटात जातो. घशात आणि आतड्यात त्याची वाढ होते. गंमत अशी, की लस येण्याआधीच्या काळात हा संसर्ग जवळपास सगळ्याच मुलांना व्हायचा आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागायचा नाही. काहींना बारीक ताप, घसा दुखणं, उलटी, अंगदुखी. दोन-चार दिवसांत मूल पुन्हा खेळायला.

पण दर दोनशे संसर्गांमागे साधारण एका मुलाच्या बाबतीत विषाणू आतड्यापुरता थांबत नाही. तो मज्जासंस्थेत शिरतो. तिथेही सगळीकडे धुमाकूळ न घालता तो मज्जारज्जूतल्या ठरावीक पेशींवर हल्ला करतो. स्नायूंना हलण्याचा हुकूम देणाऱ्या या पेशी. त्या मेल्या की स्नायू धडधाकट असूनही त्याला हुकूम पोचत नाही. घरातला पंखा ठीक आहे, वायर जळलीये, तसं काहीसं. म्हणून पोलिओत पाय लुळा पडतो, पण त्याला स्पर्श कळतो, चिमटा काढला तर दुखतं. बुद्धीला धक्का लागत नाही. पायापुरतं थांबलं तर नशीब म्हणायचं. श्वासाचे स्नायू बंद पडले तर मूल दगावतं. लुळेपणा आलेल्या मुलांपैकी ५ ते १० टक्के मुलं अशी दगावायची.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मग उपचार कशाचा करायचा? इथेच खरी मेख आहे. सगळ्या पेशी मरत नाहीत. काही जखमी होऊन सावरतात. आणि ज्या वाचतात त्या आपल्या फांद्या पसरून शेजारच्या अनाथ झालेल्या स्नायुतंतूंनाही जोडून घेतात. पहिल्या काही महिन्यांत हे काम जोरात चालतं, नंतर मंदावतं. या काळात स्नायूंना योग्य व्यायाम मिळाला, तर मूल बरंच काही परत मिळवू शकतं. तो मिळाला नाही, तर बळकट स्नायू कमजोर स्नायूला खेचत राहतो, सांधा वाकडा होतो, पाऊल खाली लोंबतं, गुडघा आखडतो, पाठीचा कणा तिरका होतो. बऱ्याच मुलांचं अपंगत्व विषाणूने जेवढं दिलं, त्याहून जास्त नंतरच्या दुर्लक्षाने दिलं होतं.

आणखी एक कडू गोष्ट. पोलिओचा विषाणू अंगात असताना मुलाला दंडात किंवा कमरेवर इंजेक्शन दिलं, तर त्याच अवयवाला लुळेपणा येण्याचा धोका वाढतो. आपल्याकडे ताप आला की सुई टोचून घ्यायची सवय. डॉक्टरने सुई दिली नाही तर तो डॉक्टर कसला, असं मानणारी माणसं आजही भेटतात. त्या सवयीपायी किती पाय गेले, याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

मद्रास, पुणे, मुंबई

तर फातिमाबाईंची मुलगी. लुळेपणा आल्यावर सगळीकडून त्यांना एकच उत्तर मिळत होतं, फार काही करता येणार नाही. त्या काळातल्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. जगभरातच पोलिओवर काय करावं यावर खडाजंगी चालू होती. लुळा अवयव प्लास्टरमध्ये किंवा फळ्यांमध्ये घट्ट बांधून हलू द्यायचा नाही, अशी जुनी पद्धत. ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ केनी नावाच्या परिचारिकेने त्याच्या बरोबर उलटं सांगायला सुरुवात केली होती. गरम ओल्या लोकरी कापडाने शेक द्या, दुखणं कमी झालं की स्नायू हलवायला लागा, मुलालाच तो स्नायू पुन्हा ओळखायला शिकवा. ऑस्ट्रेलियात अनेक डॉक्टरांनी तिला उडवून लावलं. १९४०मध्ये ती अमेरिकेत गेली आणि तिथे तिची पद्धत चांगलीच पसरली. अमेरिकेचा अध्यक्षच, फ्रँकलिन रूझवेल्ट, वयाच्या ३९व्या वर्षी पोलिओने पायांतली ताकद गमावलेला माणूस होता, तेव्हा तिथे या आजाराकडे सगळ्यांचंच लक्ष होतं. आपल्याकडे ते नव्हतं.

फातिमाबाई मुलीला घेऊन मद्रासला गेल्या. तिथे डॉ. एम. जी. किणी होते. आपल्या देशात अस्थिरोगशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. त्यांच्या हाताखाली मुलीवर महिनोन् महिने उपचार झाले आणि फरक दिसायला लागला. त्यानंतर पुणे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना पुन्हा हातपाय वापरता यावेत म्हणून लष्कराने फिजिओथेरपीची सोय केली होती. गोळी लागून नस तुटलेल्या जवानाचा हात आणि पोलिओ झालेल्या मुलाचा पाय, दोघांचं दुखणं शेवटी सारखंच. स्नायू आहे, पण हुकूम पोचत नाही. जी विद्या सैनिकाला उपयोगी, ती मुलालाही.

या सगळ्या धावपळीत मुलगी सावरत होती आणि आई शिकत होती. पण आणखी एक गोष्ट तिच्या समोर स्पष्ट होत गेली असणार. आपल्याकडे ओळखी होत्या, पैसा होता, वेळ होता, म्हणून हे जमलं. गिरणगावातल्या खोलीत राहणाऱ्या कामगाराच्या मुलाला मद्रास कोण दाखवणार? कोकणातल्या, मावळातल्या आईने आठ-आठ महिने घर सोडून कुठे जायचं? उपचार अस्तित्वात होता, पण तो पोचत नव्हता. हुकूम न पोचणाऱ्या स्नायूसारखीच समाजाचीही गत होती.

बरीच माणसं इथे थांबली असती. आपलं मूल चालायला लागलं, देवाची कृपा म्हणून पुढे गेली असती. त्यात गैर काही नाही. फातिमाबाई थांबल्या नाहीत.

चौपाटीवरचा दवाखाना

मुंबईत डॉ. ए. व्ही. बाळिगा हे त्या वेळचे नावाजलेले सर्जन. सामाजिक कामाला हात देणारा माणूस म्हणूनही त्यांची ख्याती होती. त्यांनी चौपाटीवरची आपली दवाखान्याची जागा फातिमाबाईंना वापरायला दिली. मे १९४७मध्ये तिथे पोलिओग्रस्त मुलांसाठी क्लिनिक सुरू झालं.

तारखेकडे बघा. मे १९४७. देश स्वतंत्र व्हायला तीन महिने, फाळणीची चर्चा, दंगलींच्या बातम्या. अशा वातावरणात मुंबईत एक मुस्लिम बाई सगळ्या जातीधर्मांच्या मुलांचे पाय सरळ करायला बसली होती. संस्थेचं नाव इंग्रजीत सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रन. आज आपण तो शब्द वापरणार नाही, दिव्यांग म्हणू. पण त्या नावातला महत्त्वाचा शब्द दुसराच होता, रिहॅबिलिटेशन, म्हणजे पुनर्वसन. मुलाला औषध देऊन घरी पाठवणं हे त्यांचं काम नव्हतं. त्याला पुन्हा जगण्यात बसवणं हे काम होतं.

त्या वेळी पोलिओवर लस नव्हती. अमेरिकेतल्या जोनास साल्कची लस यायला अजून आठ वर्षं होती. औषध तर आजही नाही. म्हणजे क्लिनिकमध्ये होतं काय? टेबल, गरम पाणी, शेकण्याची कापडं, चालायला शिकायचे समांतर बार, कॅलिपर आणि हात. तासन् तास एकेका मुलाचा एकेक स्नायू हलवणारे हात. फिजिओथेरपी हा शब्दसुद्धा तेव्हा बहुतेक लोकांनी ऐकला नव्हता. प्रशिक्षित माणसं मिळणं मुश्किल होतं. शिवाय हा उपचार धीराचा. आठवड्याभरात गुण दिसत नाही. रोजगार बुडवून मुलाला उचलून आणणाऱ्या बापाला, अजून सहा महिने या, हे पटवून देणं हा उपचाराचाच भाग होता.

१९४९मध्ये मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. त्याच वर्षी मुंबईत पोलिओवरच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्रही सुरू झालं, पुढे एन्टरोव्हायरस रिसर्च सेंटर म्हणून ते नावारूपाला आलं. हा आजार म्हणजे श्रीमंत देशांचं दुखणं आहे, आपल्याकडे तो फारसा नाही, असा जो समज होता तो यामुळे मोडला. आपल्याकडे पोलिओ भरपूर होता. फक्त कुणी मोजत नव्हतं.

फातिमाबाईंच्या संस्थेला पुढे हाजी अलीला जागा मिळाली आणि मुलांचं अस्थिरोग रुग्णालय उभं राहिलं. १९५५मध्ये त्याच परिसरात केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही संस्था सुरू झाली. व्यायामोपचार करणारे, कृत्रिम अवयव आणि कॅलिपर बनवणारे तयार करायचे, तर शिक्षण देणारी जागा हवी होती. ती मिळाली. आज हाजी अलीहून महालक्ष्मीकडे केशवराव खाड्ये मार्गाने गेलात, तर या संस्था तुम्हाला एकमेकींच्या आसपास दिसतील. १९५८मध्ये भारत सरकारने फातिमाबाईंना पद्मश्री दिली.

चालायला लागला, पुढे काय?

चालतं झालेलं मूल मोठं होतं. मग प्रश्न बदलतात. शाळेत पहिल्या मजल्यावरचा वर्ग. बसची उंच पायरी. नोकरीच्या मुलाखतीत कागदांऐवजी पायांकडे बघणारा साहेब. लग्नाच्या बाजारात मुलीच्या कॅलिपरची होणारी चर्चा. यातलं काहीही विषाणूने केलेलं नाही, हे सगळं माणसांचं.

फातिमाबाईंचं काम म्हणूनच दवाखान्याबाहेर पसरलं. अपंग तरुणांना काम शिकवणं, त्यांच्या हाताला मिळकत देणं, यासाठी फेलोशिप ऑफ द फिजिकली हँडिकॅप्ड ही संस्था उभी राहिली. दया नको, रोजगार हवा, हा तिचा रोख. त्या काळात अपंगांसाठी काही करायचं म्हणजे दानधर्म, सणासुदीला कपडे आणि मिठाई, एवढीच कल्पना होती. तिथे त्यांनी यंत्रं आणि अवजारं आणली.

१९७८मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नियुक्त केलं. १९८४पर्यंत त्या खासदार होत्या. या काळातच, १९८१मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष पाळलं. अपंगांच्या हक्कांचा कायदा यायला मात्र आपल्याकडे १९९५ साल उजाडलं आणि २०१६मध्ये तो नव्याने लिहिला गेला. ते बघायला फातिमाबाई नव्हत्या. ११ ऑक्टोबर १९८७ला त्यांचं निधन झालं. आपल्या देशात तेव्हाही दर वर्षी हजारो मुलांना पोलिओ होत होता.

थेंबांची गोष्ट

खरं तर लस येऊन तोवर तीस वर्षं होऊन गेली होती. १९५५मध्ये साल्कची टोचायची लस आली, त्याने तिचं पेटंटही घेतलं नाही. पाठोपाठ अल्बर्ट सेबिनची तोंडावाटे द्यायची लस आली. दोन थेंब, सुई नाही, नर्सची गरज नाही, स्वस्त. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात ती १९७०च्या दशकाच्या अखेरीस आली. त्या सुमाराला देशात वर्षाला दोन लाखांच्या आसपास पोलिओग्रस्त मुलं असल्याचा अंदाज होता. लस होती, पण पुन्हा तेच, पोचत नव्हती.

१९९५मध्ये पल्स पोलिओ सुरू झालं. एकाच दिवशी, एकाच वेळी देशभरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस. मुंबईच्या हाफकिनमध्ये लशीच्या बाटल्या भरल्या जात होत्या आणि रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, ऊसतोड कामगारांच्या कोप्या, वीटभट्ट्या, बांधकामांच्या साइट, सगळीकडे थेंब पोचत होते. तरी २००९मध्ये देशात ७४१ मुलांना पोलिओ झाला, जगातल्या एकूण रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे. २०१०मध्ये आकडा ४२वर आला. १३ जानेवारी २०११ला पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला पोलिओ झाला आणि नैसर्गिक पोलिओची ती देशातली शेवटची रुग्ण ठरली. २७ मार्च २०१४ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

तिकोणा पेठेपर्यंत

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. पावसाळ्यातल्या रविवारी मावळातल्या तिकोणा पेठेत गाड्या लावून गडावर जाणाऱ्यांपैकी तुम्हीही असाल. शेवटच्या टप्प्यातल्या त्या उभ्या, उंच दगडी पायऱ्या आठवा. प्रत्येक पायरीला मांडीचा पुढचा मोठा स्नायू अख्खं शरीर वर उचलतो आणि नडगीच्या पुढचा स्नायू पाऊल वर धरतो, नाही तर बोटं पायरीला अडकतील. पोलिओ अनेकदा नेमके हेच दोन स्नायू घेऊन जायचा. म्हणून तर पोलिओ झालेला माणूस हाताने गुडघा मागे दाबून पाय टाकताना दिसतो. गुडघा मध्येच दुमडू नये म्हणून शरीराने शोधलेली ती युक्ती आहे. डोंगरकपारीत राहणाऱ्या माणसाला शेत, पाणी, शाळा, दवाखाना, सगळ्यासाठी चढउतार करावाच लागतो. तिथे एक पाय जाणं म्हणजे काय, हे त्या पायऱ्यांवर धाप लागली की थोडं कळतं.

तिकोणा पेठ असो की मुंबईतली चाळ, एक नियम आज देशभर सगळीकडे लागू आहे. पंधरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर ते सरकारी यंत्रणेला कळवावं लागतं. पोलिओ नसेल असं वाटलं तरी. मुलाच्या शौचाचे दोन नमुने चोवीस तासांच्या अंतराने घेऊन बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवले जातात. १९९७पासून ही पाहणी अव्याहत चालू आहे. आशाताई, अंगणवाडीसेविका, आरोग्य केंद्रातले डॉक्टर अशा हजारो लोकांनी न कंटाळता केलेलं हे काम. पोलिओ गेला हे आपण नुसतं म्हणत नाही, रोज तपासून म्हणतो.

आणि तपासत राहावंच लागेल. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात नैसर्गिक पोलिओ अजून आहे. तोंडावाटे द्यायच्या लशीतला दुबळा केलेला विषाणू, लसीकरण कमी असलेल्या वस्तीत बराच काळ फिरत राहिला, तर क्वचित पुन्हा ताकद मिळवतो. २०२२मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ आणि २०२४मध्ये गाझात असे लुळेपणाचे रुग्ण सापडले. २०२४मध्येच आपल्याकडे मेघालयात लशीतल्या विषाणूशी संबंधित एक रुग्ण सापडला. उपाय लस टाळणं हा नाही, सगळ्यांनी घेणं हा आहे. म्हणूनच आता थेंबांच्या जोडीला टोचायची लसही दिली जाते.

पोलिओ गेला, तरी बाकीचे विषाणू आहेतच. १९६५मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरात सापडलेला चांदीपुरा विषाणू लहान मुलांच्या मेंदूवर हल्ला करतो आणि काही तासांत जीव घेऊ शकतो. गोवराचा विषाणू बरा झाल्यासारखा वाटून कित्येक वर्षांनी मेंदू पोखरू शकतो. २०२५च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया-बारेची साथ आली, तेव्हा दूषित पाण्यातून झालेल्या पोटाच्या संसर्गानंतर माणसांचे हातपाय लुळे पडले होते. कारणं वेगळी, पण त्या रुग्णांना पुन्हा उभं करणारा उपचार कोणता? वाचल्यावर महिनोन् महिने धीराने करायची फिजिओथेरपी. फातिमाबाईंनी १९४७मध्ये चौपाटीवर जे सुरू केलं तेच.

पोलिओ झालेल्या मुलांची शेवटची मोठी पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे. त्यांच्यापैकी काहींना इतक्या वर्षांनी नव्याने थकवा, स्नायूंची कमजोरी, सांधेदुखी सुरू होते. ज्या पेशींनी लहानपणी फांद्या पसरून दुप्पट भार उचलला, त्या आता दमतात. त्यांच्यासाठी पोलिओ २०१४मध्ये संपलेला नाही. तुमच्या ऑफिसात, कॉलेजात, सोसायटीत अशी माणसं असतील. लिफ्ट बंद असली, रॅम्पवर बाइक लावलेल्या असल्या, की त्यांचा दिवस कसा जातो हे त्यांना विचारून बघा.

फातिमाबाई डॉक्टर नव्हत्या, त्यांनी लस शोधली नाही, कुठलं यंत्र शोधलं नाही. स्वतःच्या मुलीला जे मिळालं, ते दुसऱ्यांच्या मुलांनाही मिळायला हवं, एवढंच त्यांनी ठरवलं आणि चाळीस वर्षं तेच केलं. ज्या वयात आपण करिअरचं काय करायचं म्हणून अडून बसतो, त्या वयात त्यांचंही शिक्षण सुटलं होतं. पुढे चाळिशीत त्यांना त्यांचं काम सापडलं. म्हणजे घाई नाही. फक्त काम समोर येईल तेव्हा ते ओळखता यायला हवं, आणि आपलं भागलं म्हणून तिथून निघून जाता कामा नये.